तुपातली किडनी

आमच्या घरात माझं कौतुक झालं ते आयुष्यात एकदाच, आणि खरं सांगायचं तर तेही माझं नव्हतं. माझ्या डाव्या किडनीचं होतं. मी आपला तिला इकडून तिकडं पोचवणारा हमाल. पण अडीच महिने मालाबरोबर हमालाचीही बडदास्त ठेवली गेली, आणि त्या अडीच महिन्यांत मी जे काही खाल्लं ते आठवलं की अजून मला एकाच वेळी भूक लागते आणि लाजही वाटते.

दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. माझी थोरली बहीण, आमची अक्का, मोडनिंबला दिलेली. दाजी तिथल्या हायस्कुलात मास्तर. त्या वर्षी दिवाळीला अक्का माहेरी आली ती सुजलेला चेहरा घेऊन. अव्वाला, म्हणजे आमच्या आईला, आधी वाटलं, पोरगी सासरी सुखात आहे, अंगानं भरलीय. मग बांगड्या मनगटातून निघेनात, दोन पायऱ्या चढली की अक्का भिंतीला टेकायला लागली. सोलापुरातल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, लघवी तपासली आणि दाजींना बाजूला घेऊन सांगितलं, "दोन्ही किडन्या जवळजवळ गेल्यात. इथं काही व्हायचं नाही. तिकडं दक्षिणेत एक मोठं हॉस्पिटल आहे, तिथं एकाची किडनी काढून दुसऱ्याला बसवतात."

अव्वानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "दात बसवतात तसं?"

मेलनं आम्ही सगळे दक्षिणेत गेलो. अव्वाचा रक्तदाब वाढलेला निघाला. दाजींचा रक्तगट जुळेना. वडील कधीच वारले होते. उरलो मी. माझं रक्त, माझ्या पेशी, काय काय म्हणून त्यांनी काचेच्या नळ्यांत घालून हलवलं, आणि सगळं अक्काशी तंतोतंत जुळलं. शाळेत कधी न निघालेला पहिला नंबर मी तिथं काढला. पण डॉक्टरांनी मला काट्यावर उभं केलं, पापणी ओढून आत बघितलं, आणि ओल लागलेल्या शेंगांकडं अडत्या बघतो तसे माझ्याकडं बघायला लागले. ती नजर मी चांगली ओळखतो, कारण मी स्वतः मार्केट यार्डात एका अडत्याकडं कारकून होतो.

वजन अठ्ठेचाळीस किलो. अंगात रक्त नाही. दुष्काळात रेशनवरच्या मिलोच्या, त्या अमेरिकेतल्या लाल ज्वारीच्या, भाकरीवर निघालेलं शरीर ते, त्यातून दाखवण्यासारखं असं काय निघणार.

"हा दाता आहे की दुसरा पेशंट?" डॉक्टर दाजींना म्हणाले. मग त्यांनी नीट समजावून सांगितलं. अशा अशक्त माणसाला कापलं तर त्याची जखम लवकर भरत नाही. आणि ज्याच्या अंगात रक्तच नाही त्याची किडनी दुसरीकडं जाऊन जोमानं कामाला लागेल अशी आशा का धरायची? ह्याला घरी न्या, खाऊ घाला, लोहाच्या गोळ्या द्या, अडीच महिन्यांनी आणा. "तोवर बाईंच्या किडन्या कशाबशा ओढतील," ते म्हणाले. "त्याच्यापुढं नाही."

आम्हाला दोन कागद मिळाले. एक अक्काचा, तिनं काय खायचं नाही याचा. एक माझा, मी काय खायचं याचा. परतीच्या गाडीत दाजींनी दोन्ही मोठ्यानं वाचून दाखवले. माझ्या कागदावरची एक ओळ वाचताना ते जरा खोकले आणि पुढच्या ओळीवर गेले. ते का खोकले, ते मला पुढच्या शनिवारी कळलं.

अक्का आता माहेरीच राहिली. आमच्या मदतीला अक्कलकोटच्या पलीकडून आत्या आली. आत्या म्हणजे वडिलांची बहीण. अर्धं मराठी, अर्धं कन्नड बोलणारी आणि एकदा चुलीपुढं बसली की कुणाचं न ऐकणारी. तिनं सगळी हकिकत ऐकली, माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि निकाल दिला.

"वैनी, ह्यो आता एकटा न्हाय. दुसऱ्याचा जीव अंगात घिऊन फिरतोय की ह्यो."

संपलं. असा माणूस कसा सांभाळायचा याची आमच्या घरातल्या बायकांना एकच रीत ठाऊक होती, आणि ती त्यांनी पहिल्या दिवसापासून सुरू केली. मी पोटुशी झालो.

सकाळी उठल्यावर वाटीभर दुधात खारीक आणि दोन चमचे तूप. दहा वाजता डिंकाचा लाडू. पपई बंद. तिन्हीसांजेला उंबऱ्यावर बसायचं नाही. जड उचलायचं नाही. एकदा मी पाण्याची घागर उचलायला गेलो तर अव्वा ओरडली, "ठेव ती! तिला धक्का बसंल!" तिला म्हणजे किडनीला. किडनी हे नाव घरात कुणी घेत नसे. आत्या म्हणायची, "ह्याच्यातलं तिचं." ह्याच्यातलं तिचं ऊन लागू देऊ नकोस. ह्याच्यातलं तिचं झोपलं असंल, जोरात बोलू नका. माझ्या अंगातला तो एक अवयव आधीच अक्काच्या नावावर झाला होता, मी फक्त त्याचा भाडेकरू.

आणि मी? मी सज्जन माणूस असतो तर म्हणालो असतो, अव्वा, एवढं नको. पण मी घरातला धाकटा. धाकट्याच्या ताटात जन्मभर तळाचं वाढलं जातं. पहिल्यांदाच माझ्या पानावर पोळी आधी पडत होती, आणि तूप विचारून नव्हे तर न विचारता पडत होतं. तिसऱ्या दिवशी आत्यानं विचारलं, "काय खावं वाटतंय रे?" मी उगाच डोळे मिटले, छातीवर हात ठेवला आणि म्हणालो, "शेंगापोळी."

"डोहाळं हाय की ते," आत्या अव्वाला म्हणाली. संध्याकाळी गूळ आणि शेंगदाण्याच्या कुटाच्या खमंग पोळ्यांची चळत समोर आली. मला तंत्र कळलं. मग मला धपाटे आठवायला लागले. दूध घातलेली गव्हाची हुग्गी आठवायला लागली. एकदा जरा कमी लक्ष आहे असं वाटलं तेव्हा मी भिंतीला धरून म्हणालो, "गरगरतंय." तासाभरात शिरा. पोट फुटायला आलं की मी म्हणायचो, "साकु आत्या, साकु." माझ्या कन्नडमधला "पुरे" हा एवढा एकच शब्द, आणि कन्नड बोलणाऱ्या आत्याला नेमका तोच ऐकू यायचा नाही. "तिन्नू, तिन्नू," म्हणत ती आणखी एक पोळी टाकायची. खा म्हणजे.

अक्का समोर बसलेली असायची. तिच्या पानात बिनमिठाची भाकरी. दुधी उकडून, पाणी ओतून टाकून उरलेला चोथा. डाळ नावापुरती. केळं नाही, लोणचं नाही, आणि प्यायला औषधाच्या पेल्यानं मोजून पाणी. तो पेला ती एका घोटात संपवायची नाही. ओठ ओले करायची आणि खाली ठेवायची. मला कधी वाटायचं, हिच्यासमोर खाऊ नये, आत जाऊन बसावं. पण अक्काच म्हणाली, "कुठं चाललास बे? बस इथं." मग मी पहिला घास तोंडात घातला की ती विचारायची, "कशी झालीय, सांग."

"चांगली झालीय."

"असं नाही. नीट सांग."

मग मी नीट सांगायचो. चटणीत लसूण किती लागतोय, कूट जाडं आहे का, पोळीची कड करपलीय का. सांगता सांगता मी आणखी खायचो, कारण सांगण्यासाठी खावंच लागतं ना. अक्का डोळे मिटून ऐकायची. कधी मध्येच म्हणायची, "खोटं बोलतोस. वेलदोडा नाहीच त्यात, मला इथून वास येत नाही." मी पकडला जायचो. वेलदोडा खरंच नसायचा.

आता ती खोकल्याची ओळ. दाजी दर शनिवारी मोडनिंबहून एस.टी.नं यायचे. पहिल्याच शनिवारी संध्याकाळी मला म्हणाले, "चल, जरा पाय मोकळे करून येऊ." आणि पाय मोकळे करत थेट स्टेशनबाहेरच्या एका गाड्यापुढं नेऊन उभं केलं. तिथं तव्यावर आम्लेट फुगत होतं.

"डॉक्टरांनी अंडी लिहिलीत," दाजी खालच्या आवाजात म्हणाले. "गाडीत वाचलं असतं तर घरभर झालं असतं, आणि तुझी आत्या आली त्याच गाडीनं परत गेली असती."

आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या अंड्याचं नाव नाही. अक्का तर गळ्यातल्या लिंगाची पूजा झाल्याशिवाय तोंडात पाणी न घेणारी. मी चेहरा गंभीर केला. "दाजी, अक्कासाठी मी काहीही करीन." खरं म्हणजे तो गाडीवाला मला बघून हसला होता. यार्डातून येता-जाता मी त्याचं जुनं गिऱ्हाईक. मी त्याला डोळ्यानं खुणावलं, त्यानं ओळख दाखवली नाही, चांगला माणूस. दाजींनी माझ्यासाठी दोन अंड्यांचं सांगितलं, जरा विचार केला आणि म्हणाले, "तुला एकट्याला खायला बरं वाटणार नाही. मी सोबत करतो." दाजींनी दर शनिवारी मला सोबत केली. दिवाळीपर्यंत ढगळ होणारा त्यांचा कोट संक्रांतीला बटणं लावून घेईना.

माझं वजन मी रोज यार्डातल्या काट्यावर करायचो. शेंगांच्या पोत्यामागून मी चढायचो. पन्नास. त्रेपन्न. सत्तावन्न. हमालांमध्ये चर्चा सुरू झाली. एक म्हणाला, "सायेब, आता उतरा, नायतर तुमाला बी हुक लावून न्यावं लागतंय." मी घरी येऊन आकडा सांगायचो आणि अव्वा देवापुढं दिवा लावायची. आमचा सगळ्यांचा हिशेब सरळ होता. डॉक्टरांनी वजन कमी म्हटलं होतं, वजन वाढत होतं, म्हणजे अक्का वाचत होती. लाडू जितके जास्त तितकी किडनी दमदार. यात चूक कुठं आहे, सांगा.

नवव्या आठवड्यात आत्यानं दोन वाट्या झाकून पुढं ठेवल्या. डोहाळजेवणात ठेवतात तशा. एकीत पेढा, एकीत बर्फी, आणि बाईनं एक उघडायची.

"उगड एक," आत्या म्हणाली.

"आत्या, अगं पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. इथं काय निघणार आहे?" अक्कानं विचारलं. कितीतरी दिवसांनी ती पोट धरून हसत होती. "बर्फी निघाली तर ती किडनी माझ्याकडं लुगडं मागंल का?"

"तू गप गं. पेढा निघाला तर ते तुला झटक्यात लागू पडंल, बर्फी निघाली तर जरा येळ लावंल."

बर्फी निघाली. आत्याचा चेहरा पडला. मी तिच्या समाधानासाठी दुसरी वाटीही उघडली आणि दोन्ही खाऊन टाकल्या. बासष्ट.

अडीच महिने भरले आणि आम्ही पुन्हा गाडीत बसलो. या खेपेला अव्वा घरी राहिली. अक्का, दाजी, आत्या आणि मी. आत्यानं डिंकाच्या लाडवांचा डबा बरोबर घेतला होता, शिवाय शेंगापोळ्यांचा एक वेगळा डबा, ऑपरेशननंतर मला लागतील म्हणून. बाळंतिणीला लागतात तशा. मी खिडकीशी बसलो होतो आणि मला मनातून फार मोठं वाटत होतं. डॉक्टर बघतील आणि म्हणतील, वा.

डॉक्टरांनी बघितलं आणि काट्याकडं बोट केलं. काट्यावर उभं केलं. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब घेतला. पुन्हा घेतला. लघवी तपासायला पाठवली. तासाभरानं कागद आला आणि त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"ह्याला काय खायला दिलंत?"

दाजी सांगायला लागले. दूध, तूप, खारीक, लाडू. डॉक्टर लिहीत होते. "अंडी?" दाजींनी अक्काकडं बघितलं, आत्याकडं बघितलं, आणि खाली बघत म्हणाले, "शनिवारी. दोन. कधी कधी तीन." आत्याला इंग्रजी येत नव्हतं, पण दाजींनी बोटं दाखवली ती तिनं बघितली.

अक्का शांतपणे म्हणाली, "मला ठाऊक होतं. शनिवारी दोघांच्याही तोंडाला वास यायचा."

कुणी हसलं नाही, कारण डॉक्टर हसत नव्हते. ते म्हणाले, "मी निरोगी माणसाची किडनी मागितली होती. तुम्ही तुपात गुंडाळून आणलीत." मग त्यांनी एकेक गोष्ट सांगितली आणि दाजी ती पडलेल्या आवाजात मराठीत सांगत गेले. रक्तदाब वरच्या बाजूला गेलाय. लघवीत साखरेची खूण आहे. एवढ्या घाईनं चढलेली चरबी किडनीभोवतीही साठते. ती काढायला अवघड, आणि ह्याची जखम चिघळायची भीती पहिल्यापेक्षा जास्त. एक किडनी काढल्यावर उरलेल्या एकीवर ह्या सगळ्या शरीराचा भार. आणि जी काढून बाईंना देणार, ती इथंच वाढलेल्या दाबाखाली दमलेली. उपाशी ठेवलेला बैल आणि फुगवलेला बैल, दोघंही औताला कामाचे नाहीत. हे बैलाचं दाजींनी स्वतःच्या पदरचं घातलं असावं, कारण डॉक्टर तेवढं लांब बोलले नव्हते.

"असा माणूस मी टेबलावर घेत नाही," डॉक्टर म्हणाले. "दुसरा दाता आहे?"

नव्हता. ते सगळ्यांनाच ठाऊक होतं.

त्यांनी अक्काचे कागद बघितले. तिला आता मशीनवर घ्यावं लागणार होतं, आठवड्यातून दोनदा, रक्त बाहेर काढून धुऊन परत आत. त्यावर सहा आठवडे काढू, ते म्हणाले, जास्तीचा भरवसा मी देत नाही. सहा आठवड्यांत ह्याचं वजन छप्पनवर आणि रक्तदाब जागेवर आला तर करू. नाही आला तर...

ते वाक्य दाजींनी मराठीत केलंच नाही.

बाहेर बाकावर आत्या पदर तोंडात धरून बसली. "आमीच केलं की गं हे. तुपात मी घातलं. माज्या हातानं."

मी तिच्याकडं बघूही शकत नव्हतो. तिनं प्रेमानं घातलं होतं. भिंतीला धरून गरगरतंय म्हणणारा मी होतो. एवढ्या दिवसांत मला एकदाही गरगरलं नव्हतं, ते त्या बाकावर पहिल्यांदा खरोखर गरगरलं, आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती.

अक्का उभी राहिली. चेहरा सुजलेला, पाय जड. पण थोरल्या बहिणीचा आवाज सुजत नाही. "रडून झालं असलं तर खोली बघा. आणि आजपासून ह्याचं जेवण मी बघणार. आत्या, तू फक्त मी सांगीन ते करायचं."

हॉस्पिटलमागं एक खोली मिळाली. लाडवांचा डबा आत्यानं त्याच संध्याकाळी वॉर्डातल्या आयाबायांना वाटून टाकला. शेंगापोळ्यांचा डबा मात्र खाटेखाली राहिला. ऑपरेशननंतरचं नाव घातलेलं अन्न आधी वाटलं तर अपशकुन, म्हणून.

माझं ताट अक्काच्या शेजारी आलं. भाकरी एक. मीठ नाही. तिच्यासारखाच दुधी, फक्त मला डाळ आणि ताक जास्त, कारण रक्त पुन्हा कमी होऊन चालणार नव्हतं. तेवढं डॉक्टरांनी बजावलं होतं, उपास करून वजन उतरवाल तर पुन्हा पहिल्या पायरीवर. पहिल्या दिवशी मी बिनमिठाची भाकरी तोंडात घेतली आणि मला कळेना, हे गिळायचं कुठल्या बाजूनं. अक्का बघत होती.

"अडीच महिने मी हेच खातेय," ती म्हणाली. "तू एवढा कसला राजा लागून गेलास?"

पहाटे गावाशेजारच्या बोडक्या टेकडीला दोन फेऱ्या. दाजी बरोबर, कोटाच्या बटणांसाठी त्यांनाही गरज होतीच. शनिवार आला की आम्ही दोघं एकमेकांकडं न बघता चालायचो. पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरले, दुसऱ्यात एक, तिसऱ्यात काहीच नाही. रक्तदाबाचा आकडा हट्टानं बसलेला. अक्का मशीनवरून आली की निथळलेल्या कपड्यासारखी खाटेवर पडायची, आणि मी मनात माझेच किलो मोजत बसायचो.

चौथ्या आठवड्यातली दुपार. दाजी रिपोर्ट आणायला गेले होते, आत्या मागच्या नळावर धुणं धूत होती. अक्काला डोळा लागला होता. मी खाटेखालचा डबा ओढला. का ओढला ते आज सांगता येत नाही. भूक होती, पण नुसती भूक नव्हती. तो डबा तिथं आहे हे तीन आठवडे रोज ठाऊक असणं, ते होतं. एक पोळी काढली. कड तोडून तोंडात घातली. गूळ जिभेवर विरघळला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं, इतकी ती चांगली होती.

"कशी झालीय, सांग."

अक्काचे डोळे मिटलेलेच होते.

मी सांगायला तोंड उघडलं. घास तोंडातच होता.

"सांग की. मऊ पडली असंल एवढ्या दिवसांत."

"अक्का, चुकलो मी."

तिनं हात पुढं केला. मी पोळी तिच्या हातावर ठेवली. तिनं ती नाकाशी नेली, एक दीर्घ श्वास घेतला आणि खिडकीच्या गजातून बाहेर कावळ्याला टाकली. "त्याची किडनी कुणाला द्यायची नाही," ती म्हणाली. मग डोळे उघडून माझ्याकडं बघितलं. "हे बघ, मी सगळ्यांसमोर हसते. मला मरायचं भय नाही असं तुम्हाला वाटतं. मला लई भय वाटतं. दर खेपेला मशीनकडं जाताना वाटतं. त्यात तू आणखी भर घालू नकोस."

मी उठून गुळण्या केल्या. मग डबा उचलला आणि आत्याकडं नेऊन दिला. अपशकुनाचं मी बघतो म्हणालो. ती डबा घेऊन गल्लीत गेली आणि रिकामा घेऊन आली. त्या दिवसापासून टेकडीच्या फेऱ्या चार झाल्या. दाजींनी दोनवर सोबत सोडली.

सहावा आठवडा संपला त्या सकाळी डॉक्टरांनी काट्यावर उभं केलं तेव्हा मी श्वास आत ओढून उभा राहिलो. श्वासाला वजन नसतं हे मला ठाऊक आहे. मी स्वतः काट्यावरचा माणूस. तरी ओढला. सव्वाछप्पन. डॉक्टरांनी काट्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "चपला काढा," ते म्हणाले. मी चपला काढल्या. छप्पनला काटा टेकला. रक्तदाब तीन वेळा घेतला, आणि तिसऱ्या वेळी त्यांनी पट्टा सोडून माझ्या खांद्यावर थाप मारली. दाजींच्या भाषांतराची गरज पडली नाही.

ऑपरेशन गुरुवारी झालं. मला आधी नेलं. जाग आली तेव्हा डाव्या कुशीत कुणीतरी पहार खुपसून ठेवल्यासारखं दुखत होतं. घसा कोरडा, डोळे उघडेनात. पहिला प्रश्न मनात आला तो विचारायची हिंमत होईना. विचारलं नाही तोवर ती जिवंत आहे, असं मी स्वतःशी ठरवलं.

मग दारातून दाजी आले. आयुष्यभर पोरांना हळू बोला म्हणून सांगणारा हा मास्तर दारातूनच ओरडला, "सुरू झाली!"

"काय?"

"लघवी! टेबलावरच! तुझी किडनी जोडली आणि लगेच! डॉक्टर म्हणाले, नळ सोडल्यासारखी!" ते खाटेशी आले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांच्या लक्षात नव्हतं. "एक बाटली भरली. दुसरी लावलीय. मी बघितली काचेतून. इतकी स्वच्छ आहे, काय सांगू तुला..."

आपल्या बायकोच्या लघवीचं इतकं वर्णन करणारा नवरा मी त्याआधी किंवा नंतर बघितला नाही. मला हसू आलं. हसलो तर टाक्यांतून अशी कळ गेली की मी ओरडलो. नर्स धावत आली. दाजी म्हणाले, "हसू नकोस, हसू नकोस," आणि स्वतःच हसायला लागले, त्यामुळं मला आणखी आलं.

तेवढ्यात बाहेरच्या जिन्यावर गडबड ऐकू आली. आत्याला बातमी कळली होती. तिनं कुठून तरी साखर मिळवली होती आणि जो भेटेल त्याच्या हातावर चिमूट ठेवत येत होती. वॉर्डबॉय, झाडूवाली, इतर पेशंटांचे नातेवाईक. एका तमिळ बाईनं हातातली साखर बघून खुणेनं विचारलं, काय झालं, मुलगा की मुलगी? आत्यानं मान हलवली. आणि मग, हातवारे करून, अजिबात न लाजता, अख्ख्या जिन्याला कळेल असं तिनं सांगितलं काय झालं ते. ती बाई आधी दचकली, मग तिनं ती साखर कपाळाला लावली आणि तोंडात टाकली. तिचाही कुणीतरी त्याच वॉर्डात होता.

आत्या माझ्या खाटेशी आली. मी तोंड उघडलं. चिमूट माझ्या ओठांपर्यंत आली आणि तिथं थांबली. आत्यानं माझ्याकडं बघितलं, साखरेकडं बघितलं, आणि हात मागं घेतला.

"थांब," ती म्हणाली. "डाक्टरला इचारून येते."